रेझिन नव्हे, साचा बदला

वाचकाचे पत्र: चित्रपटांतील वस्तूंच्या प्रतिकृती जमवणाऱ्यांसाठी मी गेली तीन वर्षे रेझिनचे (साच्यात ओतल्यावर घट्ट होणाऱ्या द्रव प्लास्टिकचे) छोटे भाग ओतून देतो. रंगवायच्या भागांबद्दल कधी तक्रार आली नाही. आता मात्र १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’मधल्या लाइटसेबरच्या (प्रकाशाच्या तलवारीच्या) मुठीवर बसणारी, चिमुकल्या भिंगांची पारदर्शक पट्टी करायला घेतली आहे आणि हात टेकले आहेत. जुन्या कॅल्क्युलेटरमधून काढलेल्या मूळ पट्टीवर सिलिकॉन ओतून साचा केला (शंभर भागांना तीन भाग हार्डनर, म्हणजे घट्ट करणारा घटक). प्रती चिकट निघतात, भिंगांत बारीक बुडबुडे राहतात, काही दुधाळ दिसतात. पट्टीच्या टोकांचा खडबडीतपणा मी घासून काढतो. मूळ पट्टीवर ओरखडा पडल्यामुळे पुढचा साचा मी सर्वांत चांगल्या प्रतीवरून केला. एका संग्राहकाने व्हर्नियरने मोजून ‘अर्धा मिलिमीटर कमी’ म्हणून पट्टी परत पाठवली. सहा महिन्यांपूर्वीची एक पट्टी पिवळी पडली आहे. तीन वेगवेगळी रेझिन वापरून पाहिली, पण दोष तेच राहिले. आता कोणते रेझिन घ्यावे? शिवाय एक मित्र सुचवतो की, दुसऱ्या कारागिराची चांगली पट्टी विकत घेऊन तिच्यावरूनच साचा करावा. तसे करावे का? पुढे मला ‘ब्लेड रनर’मधल्या पिस्तुलाच्या मधाळ रंगाच्या मुठीही करायच्या आहेत.

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले ‘तीन वेगवेगळी रेझिन वापरून पाहिली, पण दोष तेच राहिले’ हे वाक्य मी दोनदा वाचले. एखादी गोष्ट तीनदा बदलूनही फरक पडत नसेल, तर दोष बहुधा दुसरीकडे असतो. तुम्ही रेझिन तीन वापरलीत, पण सिलिकॉनचा प्रकार आणि ओतण्याची रीत पहिल्या दिवसापासून तीच ठेवलीत. त्यामुळे चौथ्या रेझिनचे नाव मी सांगणार नाही. आधी साच्याकडे पाहू.

शंभर भागांना तीन भाग हार्डनर या प्रमाणावरून तुमचे सिलिकॉन टिनवर (टिनच्या उत्प्रेरकाने) जमणारे आहे, हे जवळजवळ नक्की दिसते. प्लॅटिनमवर जमणाऱ्या सिलिकॉनचे दोन भाग सहसा समसमान किंवा दहास एक असे मिसळायचे असतात. टिनचे सिलिकॉन जमताना अल्कोहोल बाहेर टाकते, आणि साचा हाताला कोरडा लागला तरी हे अल्कोहोल व थोडा ओलावा त्याच्या अंगात बरेच दिवस मुरून राहतो. तुम्ही ओतता त्या पारदर्शक पॉलियुरेथेन रेझिनचा एक घटक आयसोसायनेट असतो आणि तो पाणी व अल्कोहोल या दोघांशीही चटकन संयोग पावतो. पाण्याशी संयोग झाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो. म्हणजे साच्याला लागून असलेल्या थरातले आयसोसायनेट भलतीकडेच खर्च होते, तो थर अर्धवट जमून चिकट राहतो आणि वर वायूचे बारीक बुडबुडे देऊन जातो. तुम्ही ज्या दोन वेगळ्या तक्रारी लिहिल्या आहेत, त्यांचे मूळ बऱ्याच अंशी एकच आहे. रंगवायच्या भागांत हाच चिकटपणा तुम्ही पुसून, घासून, प्रायमरखाली घालवत असणार, म्हणून तो आजवर नजरेत आला नाही.

हातातला साचा लगेच फेकायचा नसेल, तर तो ६५ अंश सेल्सिअसला चार तास ठेवून पूर्ण थंड होऊ द्या; मुरलेले अल्कोहोल आणि ओलावा त्याने निघून जातो. पण पारदर्शक कामासाठी नवा साचा प्लॅटिनमच्या सिलिकॉनचाच करा, असे मी आग्रहाने सांगेन. ते आक्रसते फार कमी आणि टिकतेही जास्त, मात्र त्याचा सोवळेपणा सांभाळावा लागतो. गंधक असलेली माती, लेटेक्सचे हातमोजे, टिनच्या सिलिकॉनला लागलेली काठी किंवा भांडे, प्रकाशाने जमवलेली ताजी थ्री-डी प्रिंट, यांपैकी कशाचाही स्पर्श झाला की तेवढ्या भागात सिलिकॉन जमतच नाही आणि मधासारखे ओघळत राहते. त्यामुळे हातमोजे व्हिनाइलचे घ्या, भांडी नवी घ्या, आणि मूळ वस्तूच्या न दिसणाऱ्या कोपऱ्यावर सिलिकॉनचा एक थेंब टाकून तो नीट जमतो की नाही, हे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

आता दुधाळपणा. यासाठी एक सोपी परीक्षा आहे. दुधाळ पट्टी साध्या पाण्याच्या वाटीत बुडवा आणि वरून पाहा. पाण्यात गेल्यावर ती नितळ दिसू लागली, तर दोष पृष्ठभागावर आहे. तशीच दुधाळ राहिली, तर तो आत आहे. कारण सरळ आहे. हवेचा अपवर्तनांक १, पाण्याचा १.३३ आणि या रेझिनचा सुमारे १.५. पृष्ठभागावरच्या बारीक ओरखड्यांत हवा असते तेव्हा प्रकाश तिथे जोरात विखुरतो, आणि हवेच्या जागी पाणी आले की तो फरक बराच कमी होऊन ओरखडे दिसेनासे होतात. आतला दुधाळपणा मात्र ओलाव्याचा, नीट न मिसळल्याचा किंवा असंख्य सूक्ष्म बुडबुड्यांचा असतो, आणि त्यावर बाहेरून कोणतेही पॉलिश चालत नाही. डब्यातल्या सगळ्या नापास पट्ट्या अशा बुडवून त्यांचे दोन ढीग करा. कोणत्या साच्यातल्या पट्ट्या कोणत्या ढिगात गेल्या, हे पाहिले की बराचसा उलगडा तिथेच होईल.

पृष्ठभागाच्या ढिगाचे मूळ मास्टरमध्ये, म्हणजे ज्या वस्तूवरून साचा करतो तिच्यात, असते. सिलिकॉन मास्टरचा आकार उचलते, तशी त्याची चकाकीही उचलते. मास्टर धुरकट तर साचा धुरकट, आणि साचा धुरकट तर प्रत दुधाळ. म्हणून मास्टर ट्यूबलाइटखाली धरून हळूहळू कलता करा आणि नळीचे प्रतिबिंब प्रत्येक भिंगावरून सरकताना पाहा. ते जिथे थरथरते किंवा तुटते, तिथे प्रतीतही खोट येणार. सपाट कडांवर ८०० पासून २००० पर्यंतचा वॉटर पेपर पाण्यासह क्रमाने वापरायला हरकत नाही. प्रत्येक टप्प्यावर घासण्याची दिशा आधीच्या दिशेला आडवी ठेवा, म्हणजे आधीचे ओरखडे गेले की नाही, हे कळते. भिंगांना मात्र कागद लावू नका. भिंगाचा फुगवटा केसभर चपटा झाला, तरी ते भिंग राहत नाही. पट्टी छापील मजकुरावर थोडी उचलून धरा आणि प्रत्येक भिंगातून एखादे जोडाक्षर वाचून पाहा. ‘क्ष’ची गाठ सगळ्या भिंगांत सारखी मोठी आणि सारखी स्वच्छ दिसली पाहिजे. जुन्या कॅल्क्युलेटरमधले चिमुकले लाल आकडे मोठे दिसावेत, एवढ्यासाठीच ती भिंगे होती, हे लक्षात असू द्या. आता ती त्यांच्या मागचा बुडबुडाही तितक्याच इमानाने मोठा करून दाखवतात.

मूळ पट्टीवर ओरखडा पडला, याचे वाईट वाटले. ती पट्टी आता कोमट पाणी आणि सौम्य साबण यांखेरीज कशालाही लावू नका; थिनर, अॅसिटोन किंवा स्पिरिटने अशी जुनी प्लास्टिके क्षणात धुरकटतात, कधी तडकतातही. प्लास्टिकच्या मास्टरवर सिलिकॉन चिकटत नाही, त्यामुळे रिलीज स्प्रेची (साचा सुटावा म्हणून मारतात त्या फवाऱ्याची) गरज नाही. उलट त्याचे तुषार प्रतीत संत्र्याच्या सालीसारखे उमटतात. मास्टर काचेचा असेल, तर मात्र तो पातळ हाताने लावावाच लागतो, कारण काचेला सिलिकॉन घट्ट धरते.

बुडबुड्यांकडे येऊ. त्यातले काही साच्यामुळे होते, त्यांच्याबद्दल वर सांगितले. उरलेले हवेचे आहेत. घटकांचे माप आकारमानाने नव्हे, काट्यावर वजनाने घ्या, आणि काटा ०.१ ग्रॅमपेक्षा बारीक असू द्या. दहा ग्रॅमच्या मिश्रणात ०.१ ग्रॅमची चूक म्हणजे एक टक्का होतो, आणि छोटी कामे करणारे नेमके इथे फसतात. सावकाश ढवळा, कडा आणि तळ खरवडा, मग सगळे मिश्रण दुसऱ्या स्वच्छ पेल्यात ओतून पुन्हा ढवळा. पहिल्या पेल्याच्या कडेला न मिसळलेला थर राहतो आणि तोच पुढे पट्टीत तेलकट रेघ होऊन दिसतो. भिंगांच्या खळग्यांत आधी थोडे रेझिन बारीक काडीने फिरवा आणि मगच साचा भरा.

तरीही जी हवा राहते, तिच्यासाठी प्रेशर पॉट, म्हणजे आत हवेचा दाब वाढवता येणारे बंद भांडे, लागतो. इथे थोडे गणित उपयोगी पडते, कारण पुष्कळांची समजूत असते की दाबाने बुडबुडे नाहीसे होतात. साधारण ६० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंडांत मोजलेला दाब) म्हणजे वातावरणाच्या वर सुमारे चार बार. एकूण दाब पाचपट होतो, म्हणून बुडबुड्याचे आकारमान पाचव्या हिश्शावर येते. पण डोळ्याला आकारमान दिसत नाही, व्यास दिसतो, आणि व्यास फक्त ०.५८ पट होतो. एक मिलिमीटरचा बुडबुडा अर्ध्या मिलिमीटरहून थोडा मोठाच राहतो, आणि भिंगाखाली तो ठळक दिसतो. पुढचे काम विरघळणे करते; दाबाखाली हवा रेझिनमध्ये जास्त विरघळते आणि अगदी बारीक बुडबुडे त्यात जिरून जातात. म्हणजे मोठे बुडबुडे ओततानाच टाळायचे आणि बारीक बुडबुडे दाबावर सोडायचे, अशी ही वाटणी आहे. दाब रेझिन पूर्ण कडक होईपर्यंत सोडू नका; आधी सोडलात, तर दबलेली हवा पुन्हा फुलते.

यात एक मेख आहे. साचा करताना सिलिकॉनच्या पोटात हवा राहिली असेल, तर पॉटमध्ये त्या पोकळ्या दबतात, साच्याची भिंत तिथे आत ओढली जाते आणि प्रतीवर पुळ्या उठतात. त्यामुळे ज्या दाबावर रेझिन ओतायचे, त्याच दाबावर साचाही जमवावा, किंवा सिलिकॉन ओतण्यापूर्वी व्हॅक्यूममध्ये ठेवून त्यातली हवा पूर्ण काढून घ्यावी. व्हॅक्यूममध्ये ते चार-पाच पट फुगून मग खाली बसते, म्हणून भांडे मोठे घ्या. मी पहिल्यांदा घेतले नव्हते आणि चेंबरच्या झाकणावरून सिलिकॉन सोलण्यात एक रविवार गेला. पॉट मात्र त्या दाबासाठी बनवलेला आणि सेफ्टी व्हॉल्व्ह असलेलाच हवा. स्वयंपाकघरातला कुकर सुमारे १५ पीएसआयसाठी असतो, आणि प्लास्टिकच्या पाइपाचे घरगुती पॉट फुटतात तेव्हा त्यांचे तुकडे गोळीसारखे उडतात. या बाबतीत काटकसर करू नका.

पट्टीची सपाट बाजू उघडी ठेवून तुम्ही ओतत असाल, तर आणखी एक खोट येत असणार. रेझिन कडेला साच्यावर किंचित चढते, मागची बाजू मधोमध खोलगट होते आणि सगळ्या भिंगांची नजर बिघडते. साचा काठोकाठ भरून त्यावर पॉलिस्टरची नितळ फिल्म एका टोकापासून तिरकी, हळूहळू टेकवत न्या, म्हणजे हवा दुसऱ्या टोकाने निघून जाते. तिच्यावर एक सपाट काच ठेवा. अशी पट्टी पातळ असल्यामुळे तिच्यात स्वतःची उष्णता पुरेशी निर्माण होत नाही आणि जाड भागापेक्षा ती जमायला वेळ घेते. उत्पादकाने सांगितलेल्या वेळेच्या दुप्पट थांबलात, तरी बिघडणार नाही.

आता त्या अर्ध्या मिलिमीटरकडे. टिनचे सिलिकॉन ०.३ ते ०.५ टक्के आक्रसू शकते, आणि रेझिनही थोडे आक्रसते. समजा भाग ५० मिलिमीटर लांब आहे. अर्धा टक्का म्हणजे पाव मिलिमीटर. मूळ पट्टीवरून साचा, त्यातली प्रत, त्या प्रतीवरून दुसरा साचा आणि पुन्हा प्रत, म्हणजे दोन पिढ्यांत अर्धा मिलिमीटर गेला. संग्राहकाचे व्हर्नियर बरोबर होते. शिवाय लांबीबरोबर प्रत्येक पिढीत कडांचा कोरीवपणाही थोडा झिजतो, आणि जाणकाराला तो मोजायच्या आधीच दिसतो. उपाय एकच: मूळ पट्टीवरून, ओरखड्यासकट, प्लॅटिनमचा साचा करा. ओरखडा भिंगावर नसेल, तर पहिल्या प्रतीवर तो भरून, घोटून तीच कामाचा मास्टर माना आणि एवढी एकच जादा पिढी पत्करा. तसे ग्राहकाला सांगा. तापमानाकडेही लक्ष असू द्या. सिलिकॉन उष्णतेने फार प्रसरण पावते. २५ अंशांना केलेला साचा ६५ अंशांवर नेला, तर त्यातली पोकळी सुमारे एक टक्का मोठी होते. त्यामुळे गरम साच्यात ओतलेली प्रत मूळ वस्तूपेक्षा मोठीही निघू शकते. साचा ज्या तापमानाला केला, त्याच तापमानाला ओता आणि मोजमाप दुसऱ्या दिवशी करा.

अचूक म्हणजे काय, याबद्दल तुमच्याशी थोडा वाद घालायचा आहे. तुम्ही लिहिता की पट्टीच्या टोकांचा खडबडीतपणा तुम्ही घासून काढता. तो का काढता? त्या चित्रपटाचे सेट डेकोरेटर रॉजर ख्रिश्चन यांनी ती मूठ ग्राफ्लेक्स कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या जुन्या दांड्यापासून केली आणि तिच्यावरच्या क्लॅम्पमध्ये (पकडपट्टीत) कॅल्क्युलेटरमधली भिंगांची पट्टी बसवली. मूळ वस्तूच भंगारातून कापून, जोडून झालेली आहे. संग्राहकाला कारखान्याच्या साच्याची खूण, काठावरची बारीक पायरी, कापलेले टोक हे सारे हवे असते. त्याला नको असतात ते तुमचे बुडबुडे आणि तुमचे ओरखडे. मूळ वस्तूच्या खोडी राखायच्या आणि आपल्या कामाच्या खोडी काढायच्या, हा भेद प्रत्येक खुणेपाशी करावा लागतो. त्यासाठी मूळ पट्टीचे सर्व बाजूंनी जवळून फोटो काढून कामाच्या टेबलासमोर लावा. ग्राहकाला कोणत्या चित्रपटातली मूठ करायची आहे, हेही आधी विचारा; १९८० च्या पुढच्या भागात त्या जागी ही पट्टी नव्हती.

पिवळेपणा हा एकच दोष खरोखर रेझिनचा आहे. आयसोसायनेट अॅरोमॅटिक जातीचे असेल, तर ते उन्हाने पिवळे पडणारच. अॅलिफॅटिक जातीचे बरेच टिकते. पारदर्शक इपॉक्सीही अतिनील किरणांनी पिवळी पडत जाते, स्टॅबिलायझर असेल तर उशिरा. डब्यावर ‘वॉटर क्लिअर’ लिहिलेले असते ते पहिल्या दिवसाचे वर्णन असते. माहितीपत्रकात ‘अॅलिफॅटिक’ आणि ‘यूव्ही’ हे शब्द शोधा. जांभळ्या-निळ्या रंगाचा अगदी कणभर अंश घालून पिवळी झाक मारता येते, कपड्यांना नीळ देतात त्याच न्यायाने. पण त्याने एकूण प्रकाश कमी होतो आणि पट्टी करडी दिसते. मी ते करत नाही.

सुरक्षेबद्दल तुम्ही काही विचारले नाही, म्हणूनच सांगतो. आयसोसायनेटच्या वाफांची शरीराला एकदा अॅलर्जी जडली, की पुढे अगदी थोड्या वाफेनेही दम्याचा झटका येऊ शकतो आणि हे काम कायमचे सोडावे लागते. सेंद्रिय वाफांचा फिल्टर असलेला मास्क, हातमोजे आणि खेळती हवा हवीच. डब्यातले न वापरलेले रेझिन ओलावा ओढते, म्हणून उघडल्यावर कोरडा नायट्रोजन सोडून झाकण घट्ट लावा. ज्या डब्यात वर साय धरली आहे किंवा तळाशी खडे दिसतात, तो पारदर्शक कामाला वापरू नका.

मित्राच्या सल्ल्याला माझे उत्तर ‘नको’ असे आहे. कारखान्यातून निघालेल्या, केव्हाच बंद झालेल्या कॅल्क्युलेटरच्या भागावरून साचा करणे वेगळे, आणि दुसऱ्या कारागिराने महिने घालून घोटलेल्या मास्टरची प्रत विकत घेऊन तिच्यावर साचा ओतणे वेगळे. संग्राहक याला ‘रिकास्ट’ म्हणतात आणि असे करणाऱ्याकडून पुन्हा काही घेत नाहीत. शिवाय ती प्रत मुळातच एक-दोन पिढ्या आक्रसलेली असणार. म्हणजे ज्या तक्रारीपासून पळायचे, तीच पैसे देऊन विकत घ्यायची. तुमच्या स्वतःच्या प्रत्येक पट्टीच्या मागच्या बाजूला, क्लॅम्पखाली झाकल्या जाणाऱ्या जागी, साच्यातच एक बारीक खूण आणि क्रमांक कोरून ठेवा. खुणेमुळे पुढे कोणी ती मूळ म्हणून खपवू शकणार नाही, आणि क्रमांकामुळे साचा किती ओतांनंतर थकला, हे तुम्हाला कळेल. पारदर्शक रेझिन साच्याची चकाकी आधी खाते, आकार नंतर. रंगवायच्या भागांना अजून चांगला चालणारा साचा पारदर्शक कामातून आधीच निवृत्त करावा लागतो.

‘ब्लेड रनर’च्या मुठींना हात घालण्यापूर्वी ही पट्टी सुधारू द्या, कारण तिथे वरचे सगळे आहेच, शिवाय रंग आहे. पारदर्शक रंग जाडीबरोबर गडद होत जातो, त्यामुळे पेल्यात सुंदर दिसणारा मधाळ रंग मुठीच्या पातळ कडेला लिंबासारखा फिका आणि मधोमध काढ्यासारखा काळपट दिसू शकतो. म्हणून रंगाची पारख पेल्यात करू नका. मुठीची सर्वांत पातळ आणि सर्वांत जाड जागा मोजून तेवढ्याच जाडीच्या दोन चकत्या ओता आणि त्या शेजारी शेजारी दिव्यासमोर धरा. पाण्यात विरघळणारा रंग इथे चालत नाही, त्यातला ओलावा पुन्हा बुडबुडे देतो. रेझिनसाठीचाच रंग घ्या, तो सुईच्या टोकाने घाला, आणि किती घातला हे वजनाने लिहून ठेवा. दुसऱ्या बाजूची मूठ त्याच रंगाची करायची असते, हे पहिली मूठ करताना आठवत नाही.

परत आलेल्या पट्टीचे पैसे तुम्ही दिले असतीलच. ती पट्टी फेकू नका. नव्या साच्यातली पहिली प्रत निघाली, की दोन्ही एका काचेवर शेजारी ठेवून मोजा आणि तो फोटो त्याच संग्राहकाला पाठवा.